मोजलेलं शून्य

प्रिय रेवा आणि ईशान,

दोन रविवारांपूर्वी फोनवर रेवाने मला विचारलं, "आजी, लेक्चर्स घरी बसून बघता येतात, परीक्षाही घरूनच देता येते, मग रोज बस पकडून कॉलेजला कशाला जायचं?" मी तेव्हा उत्तर दिलं. चार मुद्दे सांगितले, क्रमाने. ग्रंथालय, शिक्षक, मैत्री, शिस्त. रेवा "हं, हं" म्हणत होती आणि पडद्याच्या कोपऱ्यात ईशान जांभई देत होता. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की हेच चार मुद्दे, याच क्रमाने, मी सोळा वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याला सांगितले होते, आणि तेव्हाही ते वाया गेले होते. त्या वेळी त्याला खरं उत्तर दिलं ते भिंगारदिवे सरांनी. सर यंदा चैत्रात गेले. तेव्हा हे आता मलाच लिहून ठेवायला हवं.

मी जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि तुम्हाला इंग्रजी वाचायला सोपं जातं, हे मला ठाऊक आहे. तरी मराठीत लिहिते आहे, कारण सरांचं बोलणं मला इंग्रजीत ऐकू येत नाही. अडलं तर आईला विचारा.

भिंगारदिवे सर भूगोल शिकवायचे. शेवगाव तालुक्यातल्या ज्या कॉलेजात मी नोकरी केली, तिथे ते माझ्यानंतर तीन वर्षांनी आले. मी आठवडाभर तिथे भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची आणि शनिवारी दुपारच्या एसटीने नगरला, सावेडीच्या घरी यायची. सर कॉलेजच्या मागच्याच गल्लीत राहत. ठेंगणी मूर्ती, अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. निळं लिहायला, लाल तपासायला.

मुलं त्यांच्या माघारी त्यांना 'किती सर' म्हणत. कारण कुणी 'बराच', 'थोडा', 'खूप' असं काही म्हटलं की सर मान वर करून विचारत, "किती?" ही सवय वर्गापुरती नव्हती. कॅन्टीनचा मामा एकदा म्हणाला, "सर, आज साखर जरा कमी टाकलीय."

"किती?"

"नेहमीपेक्षा कमी."

"नेहमी किती असते?"

दुसऱ्या दिवशी चहाबरोबर मामा चमचा घेऊनच आला आणि म्हणाला, "दीड. वरून बोट फिरवून सपाट केलेला. आता प्या निवांत."

सरांनी चमचा निरखून पाहिला आणि म्हणाले, "आता मला चव कळली."

हजेरी घेण्याची त्यांची एक वेगळी पद्धत होती. आम्ही बाकीचे नंबर पुकारायचो. सर पूर्ण नाव आणि गाव पुकारत. कुणी गैरहजर असलं, तर त्याच्या शेजारी बसणाऱ्याला उभं करत आणि विचारत, "का नाही आला?" शेजाऱ्याला माहीत नसलं, तर त्याने उद्या माहिती काढून यायची. आजारी असला तर काय आजार, रानात काम असलं तर कुठलं काम. मुलं सुरुवातीला कंटाळत. सर म्हणत, "शेजारच्या बाकावरचा कुठे गेला ते माहीत नसेल, तर हा वर्ग नाही, एसटी स्टँड आहे."

पण त्यांची खरी ओळख म्हणजे मैदानाच्या टोकाला तारेच्या कुंपणातला पर्जन्यमापक. सिमेंटच्या ओट्यावर बसवलेलं पत्र्याचं एक नळकांडं, आत नरसाळं, त्याखाली बाटली. बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा आणि आकडा वहीत लिहायचा. हे रोज सकाळी साडेआठ वाजता. आमचं कॉलेज सकाळचं, त्यामुळे साडेआठ म्हणजे पहिला तास संपून दुसरा सुरू व्हायची वेळ. प्रत्येक विद्यार्थ्याकडे एकेक आठवडा असे. ज्याचा आठवडा, त्याने रोज यायचं. एक दिवस चुकला, तर उरलेला आठवडा पुढच्या नंबराला जायचा. यात सूट नव्हती.

पहिल्या वर्षाच्या मुली कुंपणात शिरताना चपला बाहेर काढून ठेवत. ओटा, तारेचं कुंपण, रोजची ठरलेली वेळ. त्यांना ते देवाचं ठाणं वाटत असावं. सर लांबून हाक मारून सांगत, "देव नाही गं तो, भांडं आहे. चपला घाला, सराट्याचे काटे आहेत तिथे."

तुम्ही राहता तिथे महिनाभर पाऊस थांबत नाही. शेवगावकडे उलटी गत. दिवाळीनंतर जूनपर्यंत त्या वहीत शून्य, शून्य, शून्य असं खाली उतरत जायचं. सर नवे असताना मी त्यांना विचारलं होतं, "मार्च महिन्यात रोज जाऊन बघायचं काय? आभाळात ढग नाही हे खिडकीतूनही दिसतं."

ते म्हणाले, "खिडकीतून बघून लिहिलेलं शून्य म्हणजे आपलं मत झालं, मॅडम. बाटली उचलून बघितलेलं शून्य म्हणजे नोंद."

मला तेव्हा ते जरा हटवादी वाटले. आमच्याकडे अर्धी मुलं नावापुरती असत. प्रवेश घ्यायचा, गाइड आणायचं आणि थेट परीक्षेला उगवायचं. मी कधी कधी सात मुलांसमोर शेक्सपिअर शिकवला आहे. सरांचा वर्ग तेवढा भरलेला असे, आणि त्याचं कारण त्या बाटलीत होतं हे कळायला मला उशीर लागला.

आता आशा म्हस्केबद्दल सांगते. कॉलेजपासून चौदा किलोमीटरवर एक वाडी आहे, तिथली ही मुलगी. दुसऱ्या वर्षाला होती. वडील रावसाहेब म्हस्के, कोरडवाहू कापूस आणि तूर करणारे. आशा वर्गात फार बोलायची नाही, पण तिचा आठवडा असला की आठ वाजून पंचवीस मिनिटांनी कुंपणाशी उभी असायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर वाडीची सकाळची गाडी बंद झाली. फाट्यावरून दुसरी गाडी मिळायची, पण फाट्यापर्यंत दोन किलोमीटर वेड्या बाभळींमधून एकटीने चालायचं. वाडीत बोलणं सुरू झालं. रावसाहेब आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, मोटारसायकलवर गावात येत. त्यांनी ठरवलं की आशाने त्या दोनच दिवशी यायचं, आणि पुढच्या वर्षापासून तेही नको. बाहेरून फॉर्म भरायचा आणि परीक्षेपुरतं यायचं.

मुलींच्या अडचणी बघण्याचं काम कॉलेजने माझ्याकडे दिलं होतं. मी रावसाहेबांना बोलावून घेतलं आणि माझे ते चार मुद्दे सांगितले. त्यांनी टोपी मांडीवर ठेवून सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तुमचं समदं बरोबर हाय. पर मला एक सांगा, ह्यातलं परीक्षेत काय येतं?"

मी म्हटलं, "परीक्षेत नाही येत."

"मग झालं तर," ते म्हणाले आणि नमस्कार करून गेले.

आशा सोमवार-गुरुवार येऊ लागली. सरांचा त्या वर्गावरचा तास सोमवारी आणि गुरुवारीच असे, त्यामुळे हजेरीत तिची गैरहजेरी त्यांना दिसली नाही, आणि तिनेही त्यांना यातलं काही सांगितलं नाही. जानेवारीत तिचा आठवडा आला. सोमवारी ती आली, तिने बाटली बघितली, शून्य लिहिलं. आणि मग तिने मंगळवारचं आणि बुधवारचंही शून्य लिहून टाकलं. आभाळ स्वच्छ होतं. आठवडा हातून जाऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं. सर त्या मंगळवारी पहाटेच पेपर तपासायला पुण्याला गेले, ते बुधवारी रात्री परतले.

मंगळवारी संध्याकाळी अवकाळी पाऊस आला. वाऱ्यासकट आला आणि तासाभरात गेला. बुधवारी दुपारीही शिंतोडे पडले.

गुरुवारी सकाळी मी आणि सर स्टाफरूममध्ये बसलो होतो. दार ढकलून आशा आत आली. दोन्ही हातांत मोजपात्र धरलेलं होतं, आणि त्यात पाणी. अख्खं मैदान ओलांडून ती ते न सांडता घेऊन आली होती. तिने ते सरांच्या टेबलावर ठेवलं आणि शेजारी वही उघडून ठेवली.

सरांनी आधी खाली वाकून डोळा पातळीला आणला. "बारा पूर्णांक चार," ते म्हणाले. मग वही बघितली. बुधवारसमोर शून्य, आशाच्या अक्षरात.

"हे पाणी कधीचं?"

"मंगळवारचं असंल, सर. न्हाईतर बुधवारचं बी असंल थोडं."

"मंगळवारचं किती आणि बुधवारचं किती?"

आशाने नकारार्थी मान हलवली.

"आता ते कुणालाच सांगता येणार नाही," सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तू हे ओतून देऊ शकली असतीस. मी विचारलंही नसतं."

"व्हय सर."

"का नाही ओतलंस?"

"ओतायला गेल्ते. मग नाही ओतलं."

सरांनी तिला शेऱ्याच्या रकान्यात लिहायला सांगितलं: 'मंगळवार व बुधवारची शून्ये न मोजता लिहिली.' खाली तिची सही. मग स्वतःचं लाल पेन काढून त्याखाली त्यांनी लिहिलं: 'गावाला जाताना तपासणीचे काम कोणाकडे दिले नाही. चूक माझीही.' आणि सही केली. मोजपात्रातलं पाणी त्यांनी खिडकीबाहेरच्या कडुनिंबाला घातलं.

पुढच्या सोमवारी आशा आली नाही. गुरुवारीही नाही. हजेरीच्या वेळी सरांनी तिच्या शेजारणीला उभं केलं. ती मुलगी माहिती काढून आली: "ती आता येनार न्हाई, सर. लाजती. वडील म्हनत्यात, बरंच झालं."

सर माझ्याकडे आले. "मॅडम, रविवारी तुम्ही थांबता का? मला एकट्याला मुलीच्या घरी जाणं बरं दिसणार नाही."

त्या रविवारी मी सावेडीला आले नाही. साडेआठची नोंद झाल्यावर आम्ही एसटीने फाट्यावर उतरलो आणि बाभळींमधून चालायला लागलो. सरांच्या काखेत पिशवी, पिशवीत वही. मी बोलायला गेले तर त्यांनी हाताने थांबवलं. ते पावलं मोजत होते.

रावसाहेब ओट्यावर बसले होते. अंगणात पोत्यांवर कापूस वाळत घातलेला, पिवळा पडलेला. आम्हाला बघून ते उठले, बाज पुढे ओढली. आशा आत होती. दाराआडून तिच्या ओढणीचं टोक दिसत होतं. चहा आला. मला आणि रावसाहेबांना कपबशीत, सरांना वेगळ्या स्टीलच्या पेल्यात. मी ते पाहिलं. सरांनीही पाहिलं असणारच.

"गुरुजी, पोरीनं चूक केली ते मला म्हाईत हाय," रावसाहेबांनीच सुरुवात केली. "तुमी एवढं लांब आला, माफी मागतो. आता घरीच ऱ्हाईल ती. घरून अभ्यास करंल. हुशार हाय."

"हुशार आहे," सर म्हणाले. "फाट्यापासून तुमच्या दारापर्यंत दोन हजार नऊशे चाळीस पावलं आहेत. माझी. तिची जास्त भरतील. मी याआधी कधी मोजली नव्हती. मोजायला हवी होती."

रावसाहेबांना याचं काय करावं कळलं नाही. "व्हय, लांब हाय," ते म्हणाले.

"त्या मंगळवारी तुमच्याकडे पाऊस किती झाला?"

"लई झाला, गुरुजी. अक्खी शेवटची वेचणी भिजली की."

आतून आशाची आई म्हणाली, "मी सांगत हुते, आभाळ आलंय, कापूस आत घ्या. तर म्हनले, काय येत न्हाई पाऊस, मला कळतंय आभाळातलं."

"गप की तू," रावसाहेब म्हणाले, पण त्यांना जरा हसू आलं.

"किती झाला?" सरांनी परत विचारलं.

"आता किती म्हंजे? टाच रुतंल एवढी वल हुती."

सरांनी पिशवीतून वही काढली, पान उघडलं आणि त्यांच्यासमोर धरलं. "आमच्या वहीत त्या दिवशी शून्य आहे. तुमचा कापूस भिजला आणि आमच्याकडे पाऊसच नाही. तुमच्या लेकीनं न येता लिहिलं. हुशार आहे, तरी असं झालं. घरी बसून लिहिलं की असं होतं."

रावसाहेबांनी वही हातात घेतली. त्यांना वाचता येत होतं. बोट ठेवून त्यांनी तो शेरा वाचला, खालची सही वाचली, त्याखालचं लाल अक्षर वाचलं. कापसाकडे बघितलं.

मग त्यांनी विचारलं, "हे पान फाडत न्हाईत का?"

"नाही."

"खोडत बी न्हाईत?"

"नाही."

"म्हंजे म्हस्क्याच्या पोरीनं खोटं लिवलं, असं तुमच्या कालेजात कायमचं ऱ्हानार."

"राहणार," सर म्हणाले. "तिनं येणं सोडलं, तर ते तिचं शेवटचं पान असेल. आली, तर पुढे तिच्याच हातची खरी पानं येतील. मग ते एक पान त्या सगळ्यांमधलं एक होईल."

रावसाहेबांनी वही मिटून परत दिली. "बघतो," एवढंच म्हणाले. निघताना ते आमच्याबरोबर फाट्यापर्यंत चालत आले आणि तिथूनच मागे वळले.

एसटीची वाट बघताना मी सरांना म्हटलं, "सर, तो पेला..."

"चहा चांगला होता, मॅडम. मी आज मोजायला दुसरं काहीतरी घेऊन गेलो होतो." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि ते मी चांगलं केलं नाही. पोरीची चूक तिच्या बापासमोर उघडून धरली. दाराआड उभी होती ती."

मी म्हटलं, त्याशिवाय ते ऐकले नसते.

"नसते ऐकले. तरी चांगलं केलं नाही."

मग, मी विचारलं नसताना, त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. त्यांचे वडील देवळाली प्रवराकडे ऊसतोडीच्या आणि पुढे साखर कारखान्याच्या कामावर होते. घरात पहिला शिकलेला हाच मुलगा. बारावीनंतर त्यांना कारखान्यात काम धरावं लागलं आणि बी.ए. त्यांनी बाहेरून केलं. पहाटे पुस्तक, दिवसा काम. तीन वर्षांत कॉलेजची पायरी चढले ती परीक्षेच्या दिवशी. चांगल्या मार्कांनी पास झाले. नंतर एम.ए.साठी प्रथमच कॉलेजच्या वर्गात बसले. पहिल्या आठवड्यात शिक्षकांनी नकाशा पुढे टाकला आणि एका जागेवर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे? एकात एक अशा गोल रेषा होत्या. हे उभे राहून म्हणाले, "खड्डा आहे, सर."

"ती टेकडी होती, मॅडम. तीन वर्षं मी प्रत्येक टेकडीला खड्डा समजत होतो. व्याख्या पाठ होती. परीक्षेत व्याख्याच विचारायचे, पूर्ण मार्क मिळायचे. मी कुणाला मोठ्याने काही म्हणून दाखवलंच नव्हतं, तर कोण सांगणार की अरे, उलटं आहे?"

"वर्ग हसला असेल," मी म्हटलं.

"हसला ना. चौतीस जण." सर स्वतःही हसले. "शेजारच्या मुलानं मला बसवलं आणि वहीत काढून दाखवलं. आकडे आत वाढत गेले की टेकडी. दोन मिनिटं लागली त्याला. त्या दोन मिनिटांसाठी मी तीन वर्षं कॉलेजात नव्हतो."

एसटी आली. सर खिडकीशी बसले आणि शेवगाव येईपर्यंत वही मांडीवर धरून होते.

सोमवारी सकाळी आशा आली. मंगळवारीही आली. रावसाहेब तिला रोज मोटारसायकलवर फाट्यापर्यंत सोडायला लागले होते. पहिल्या दिवशी वर्गात हजेरी झाल्यावर सर तिला म्हणाले, "म्हस्के, मी तुझ्या घरी येऊन तुझी चूक दाखवली. तुला न विचारता दाखवली. ते माझं चुकलं." सबंध वर्गासमोर म्हणाले. मला हे मुलींकडून कळलं. आशा काय म्हणाली, असं मी विचारलं, तर मुली म्हणाल्या, "काय न्हाई. उभी ऱ्हायली आनि लई रडली." त्या 'लई'वर कुणीही 'किती' विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाला बाहेरून परीक्षक आले. वह्या चाळताना त्यांना ते पान सापडलं. आशा समोरच उभी होती. त्यांनी विचारलं, "ही म्हस्के कोण?" ती म्हणाली, "मीच." "मग हे पान बदलून टाकलं नाही का कुणी?" त्यावर ती म्हणाली, "बदललं असतं, तर बाकीची पानं खरी आहेत हे तुम्ही कशावरून मानलं असतं?"

हे सांगायला सर स्वतः माझ्याकडे आले होते. सांगून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढून पुसला. "दोन वर्षांपूर्वी ही मुलगी नावानिशी हजेरी द्यायला बिचकायची," ते म्हणाले. मी त्यांना "किती?" असं विचारणार होते. विचारलं नाही.

आशाला बी.ए.ला दुसरा वर्ग मिळाला. नोकरी मिळाली नाही. आमच्या भागात ती सहसा मिळत नाही, आणि मी तुमच्यापासून हे लपवणार नाही. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं. सासर देवळाली प्रवराजवळ, उसाच्या पट्ट्यात. सर आणि मी लग्नाला गेलो. आहेरात स्टीलच्या भांड्यांचा ढीग होता आणि त्यात सरांचा आहेर, एक छोटा पर्जन्यमापक. तिच्या सासूबाईंनी तो उलटसुलट करून बघितला.

"हे कसलं भांडं म्हनायचं?"

"पावसाचं," आशा म्हणाली.

"पावसाला भांडं? आमच्याकडं तर तो न्हाई ती भांडी भरून जातो." बायका हसल्या. रावसाहेबही तिथेच होते. त्यांनी पुढे होऊन सासूबाईंना सांगितलं, "इहीनबाई, ते रोज सकाळी साडेआठला बघायचं असतं. तिला तेवढा येळ द्या." आणि मग वाढप्याला हाक मारून सरांना हाताला धरून पंगतीत आपल्या शेजारी बसवलं.

सासरी आशाने ते भांडं विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत खांबावर बसवलं. रोज सकाळी ती आकडा बघायची आणि मोबाईलवर सरांना पाठवायची. पावसाळ्यात वस्तीवरची माणसं मोटार चालू करण्याआधी विचारायला येतात, "आशाताई, किती झाला?"

सर मला शेवटचे भेटले ते मागच्या वर्षी, नगरच्या तारकपूर स्टँडवर. मी डॉक्टरांकडे निघाले होते. ते फलाटावर उभे होते, पांढरा बुशशर्ट, खांदे बरेच उतरलेले. दमा वाढला होता. आदल्या दिवशी डॉक्टरांकडे तेही आले होते, रात्री मुक्काम करून आता परत निघाले होते. सकाळचे पावणेनऊ झाले असतील. मी हाक मारणार, तेवढ्यात त्यांनी मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून काहीतरी वाचलं, खिशातून छोटी डायरी काढली, निळं पेन काढलं आणि उभ्या उभ्या लिहिलं. मी जवळ गेले.

"काय आलं, सर?"

"शून्य," ते म्हणाले, आणि एखाद्याने पेढा पुढे करावा तशी डायरी माझ्यापुढे केली. त्या पानावर वरपासून खालपर्यंत शून्यंच होती, एकाखाली एक, सरळ रेषेत.

मी म्हटलं, "तब्येत कशी आहे?"

"बरी आहे."

"किती?"

ते इतके हसले की त्यांना खोकला आला. शेवगावची गाडी लागली. त्यांनी डायरी खिशात नीट ठेवली, बटण लावलं, दांडा धरून एकेक पायरी चढले. खिडकीतून हात वर केला. गाडी फलाटावरून मागे सरून वळेपर्यंत मी उभी होते.

चैत्रात ते गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ वाजून गेल्यावर माझ्या मोबाईलवर आशाचा निरोप आला: 'बाई, सरांना पाठवायचे ते आता तुम्हाला पाठवू का?' मी 'पाठव' म्हटलं. एक वही आणली, रकाने आखले.

रेवा, तू काय ठरवायचं ते तू ठरव. मी यात काही मुद्दे काढलेले नाहीत.

कॉलेजच्या मैदानात ओटा आहे आणि कुंपण आहे. जुन्या वह्या भूगोल विभागाच्या कपाटात आहेत, ते पानही आहे. आज सकाळी आशाचा आकडा शून्य आला. तो तिने बाटली उचलून, बघून पाठवला आहे.

तुमची,
आजी